मेसेजिंग ॲप निवडताय? आधी ठरवा, नेमकं कुणापासून लपवायचंय

दर थोड्या दिवसांनी कुणीतरी मला विचारतंच, "सगळ्यात सेफ ॲप कुठलं, फक्त नाव सांग, आत्ता टाकतो." आणि मी दरवेळी उलटं विचारतो, सेफ म्हणजे कुणापासून? मग समोरचा थोडा वैतागतो, कारण त्याला नाव हवं असतं आणि मी त्याला होमवर्क देतोय असं वाटतं. पण खरं सांगू का, हा एकच प्रश्न नीट सोडवला की पुढचं सगळं अर्ध्या तासाचं काम आहे, आणि हा सोडवला नाही तर तुम्ही चार ॲप टाकाल, दोन काढाल आणि शेवटी जिथे होतात तिथेच परत याल.

ज्यांना थांबायचंच नाहीये त्यांच्यासाठी उत्तर आधीच देऊन टाकतो: सिग्नल नावाचं ॲप टाका. आता बाकीचे पुढे वाचा, कारण नुसतं टाकून अर्धंच काम होतं.

पहिली पायरी: कागद घ्या आणि माणसं लिहा

कागद नको असेल तर मनात करा, पण करा. तुमचे मेसेज कुणी वाचले तर तुम्हाला त्रास होईल? बहुतेकांच्या यादीत हॅकर पहिला येतो, काळा हूड घातलेला वगैरे. प्रत्यक्षात आपल्यातल्या बहुतेकांचे मेसेज वाचले जातात ते घरातल्या किंवा ऑफिसातल्या माणसाकडून, टेबलावर पडलेल्या फोनवरून. त्यानंतर येतात फ्रॉडवाले, ज्यांना तुमच्या गप्पांत रस नसतो, अकाउंट ताब्यात घेऊन तुमच्या नावाने लोकांकडे पैसे मागायचे असतात. मग ॲप चालवणारी कंपनी, जिला तुम्ही कुणाशी किती बोलता यात रस असतो. मग सरकार, पोलीस, कोर्ट. आणि सगळ्यात शेवटी ते महागडं स्पायवेअर, म्हणजे फोनमध्ये चोरून शिरून सगळं वाचणारं सॉफ्टवेअर, जे पत्रकार, वकील, कार्यकर्ते, राजकारणी अशा निवडक लोकांवर सोडलं जातं.

हे पाच वेगळे शत्रू आहेत आणि प्रत्येकावर उपाय वेगळा आहे. पहिल्यावर ॲप बदलून काहीच होत नाही, तिथे स्क्रीन लॉक आणि नोटिफिकेशनची सेटिंग कामाला येते. दुसऱ्यावर पिन. तिसऱ्या आणि चौथ्यावर खरोखर ॲपची निवड महत्त्वाची. पाचव्यावर नुसतं ॲप पुरत नाही, फोनच सांभाळावा लागतो.

माझंच सांगतो. मी लोकांना एन्क्रिप्शनवर (मेसेज कुलूपबंद करायच्या तंत्रावर) तासतासभर ज्ञान देत होतो त्या काळातली गोष्ट. मीटिंग रूममध्ये सगळ्यांनी मिळून वापरायचा एक लॅपटॉप होता, एकदा एक फाइल घाईत हवी होती म्हणून मी त्यावर ब्राउझरमधून माझं चॅट उघडलं, क्यूआर स्कॅन केला, फाइल घेतली, झाकण बंद केलं आणि विसरलो. तीन आठवड्यांनी एक सहकारी अगदी सहज म्हणाला, "अहो, तुमच्या मावशींचं ऑपरेशन झालं का नीट? स्क्रीनवर येत होतं." तीन आठवडे! म्हणजे प्रेझेंटेशन चालू असताना कोपऱ्यात माझ्या घरचे मेसेज टुणटुण येत होते आणि सगळे सभ्यपणे दुसरीकडे बघत होते. एन्क्रिप्शन उत्तम होतं हो, त्याला कुणी हातसुद्धा लावला नव्हता.

दुसरी पायरी: एंड टू एंड म्हणजे काय आणि काय नाही

हे थोडक्यात. मेसेज तुमच्या फोनवर कुलूपबंद होतो आणि समोरच्याच्या फोनवरच उघडतो, मधल्या सर्व्हरकडे किल्ली नसते. टपाल खात्याने बंद पेटी नेली, आत काय ते त्यांना माहीत नाही. याच्या उलट साधा एसएमएस म्हणजे पोस्टकार्ड, वाटेतला कुणीही वाचू शकतो. २०२४ मध्ये अमेरिकेतल्या टेलिफोन कंपन्यांच्या नेटवर्कमध्ये सॉल्ट टायफून नावाचा चिनी हॅकर गट घुसल्याचं उघड झालं, आणि त्याच वर्षी डिसेंबरमध्ये तिथल्या सायबर सुरक्षा खात्याने बड्या अधिकाऱ्यांना आणि नेत्यांना लेखी सल्ला दिला की एसएमएस सोडा, एंड टू एंड वालं ॲप वापरा. सरकारच असं सांगतंय म्हटल्यावर पोस्टकार्डाचं अजून काय सांगणार.

पण पेटी बंद असली तरी पेटीवरचा पत्ता सगळ्यांना दिसतो. कुणी, कुणाला, किती वाजता, किती वेळा, कुठल्या आयपीवरून (म्हणजे इंटरनेटवरच्या कुठल्या पत्त्यावरून). याला मेटाडेटा म्हणतात आणि नवखे लोक हमखास इथे फसतात. समजा एक माणूस आठवडाभर रोज संध्याकाळी सातनंतर दुसऱ्या कंपनीच्या एचआरशी चॅट करतोय, शुक्रवारी एका वकिलाला दोन मेसेज, मग बायकोला पाऊण तासाचा कॉल. एक अक्षर वाचलेलं नाही, तरी कळतं ना साहेब राजीनामा टाकतायत? म्हणून ॲप निवडताना "मेसेज एन्क्रिप्टेड आहे का" एवढंच विचारून थांबायचं नाही, "आणि तुम्ही माझ्याबद्दल काय काय साठवून ठेवता" हेही विचारायचं.

याचा सगळ्यात चांगला पुरावा जाहिरातीत मिळत नाही, कोर्टाच्या कागदात मिळतो. २०१६ मध्ये अमेरिकेत एका ग्रँड ज्युरीने (खटला भरायचा का हे ठरवणाऱ्या नागरिकांच्या मंडळाने) सिग्नलकडे युजरची माहिती मागितली, तर त्यांच्याकडे द्यायला दोनच गोष्टी निघाल्या: अकाउंट कधी उघडलं आणि शेवटचं सर्व्हरला कधी जोडलं गेलं. कॉन्टॅक्ट नाहीत, ग्रुप नाहीत, नाव नाही. त्यांनी धाडस दाखवून माहिती लपवली असं नाही, मुळात त्यांनी ती गोळाच केली नव्हती. मला हा मुद्दा फार आवडतो, कारण कंपनी कितीही चांगली असली तरी मालक बदलतो, कायदा बदलतो, पण जे साठवलंच नाही ते कुणाला देताच येत नाही.

तिसरी पायरी: ॲप एकेक करून बघू

सिग्नल. ना नफा तत्त्वावरच्या संस्थेचं आहे, २०१८ मध्ये सिग्नल फाउंडेशन झालं तेव्हा व्हॉट्सॲपच्या संस्थापकांपैकी ब्रायन ॲक्टन यांनी ५ कोटी डॉलर घातले. जाहिराती नाहीत, खर्च देणग्यांवर चालतो. कोड सगळ्यांसाठी उघडा आहे, म्हणजे ॲप आतून कसं बनलंय ते कुणीही तपासू शकतं, आणि मेसेज, कॉल, ग्रुप सगळं पहिल्या दिवसापासून एंड टू एंड, कुठे काही चालू करावं लागत नाही. "डीफॉल्ट" हा शब्द इथे सोन्याचा आहे, कारण जे चालू करावं लागतं ते लोक चालू करत नाहीत, मी पण करत नाही. तक्रार एकच: अकाउंट काढायला फोन नंबर लागतोच. मात्र फेब्रुवारी २०२४ पासून युजरनेम आलंय, त्यामुळे समोरच्याला नंबर न देता बोलता येतं.

व्हॉट्सॲप. मेसेजचं कुलूप सिग्नलचंच आहे, तोच प्रोटोकॉल, एप्रिल २०१६ पासून सगळ्यांसाठी. त्यामुळे "व्हॉट्सॲपवाले आपले मेसेज वाचतात" हे सरसकट म्हणणं बरोबर नाही, मी स्वतः व्हॉट्सॲपचा फॅन नाही तरी सांगतो. प्रश्न पेटीवरच्या पत्त्याचा आहे, तो मेटाकडे, म्हणजे व्हॉट्सॲप आणि फेसबुकच्या मालक कंपनीकडे जातो आणि सिग्नलपेक्षा बराच जास्त जातो. शिवाय काही खिडक्या आहेत ज्या लोकांना माहीत नसतात: त्यातल्या एआयला काही विचारलंत तर ते कंपनीकडे जातं, कुणी तुमची तक्रार केली तर त्या चॅटमधले तुम्ही पाठवलेले शेवटचे काही मेसेज तपासणीसाठी जातात, आणि एखाद्या दुकानाच्या किंवा बँकेच्या बिझनेस अकाउंटशी बोलताय तर पलीकडे कोण, किती लोक ते वाचतायत हे तुमच्या हातात नाही.

टेलिग्राम. आता इथे माझ्यावर लोक चिडतात, पण चिडा. टेलिग्राम हे खासगी मेसेजिंगसाठीचं ॲप म्हणून वापरू नका. साधी चॅट एंड टू एंड नाही, ती त्यांच्या क्लाउडमध्ये असते आणि किल्ली त्यांच्याकडे. "सीक्रेट चॅट" नावाचा प्रकार आहे तो एंड टू एंड आहे, पण तो दरवेळी स्वतः उघडावा लागतो, दोघांतच चालतो, ग्रुपला चालत नाही. ऑगस्ट २०२४ मध्ये टेलिग्रामचे संस्थापक पावेल दुरोव यांना फ्रान्समध्ये अटक झाली, आणि सप्टेंबरमध्ये कंपनीने नियम बदलून सांगितलं की कायदेशीर मागणी आली तर नियम मोडणाऱ्यांचा आयपी आणि फोन नंबर देऊ. चॅनल वाचायला, मोठ्या फाइल पाठवायला मस्त आहे, मीही वापरतो. मनातलं बोलायला नाही.

आयफोनचं आयमेसेज एंड टू एंड आहे, दोन्हीकडे ॲपलचा फोन असेल तर. पण आयक्लाउड बॅकअप चालू असेल आणि ॲडव्हान्स्ड डेटा प्रोटेक्शन (बॅकअपलाही कुलूप लावणारी ॲपलची सोय) बंद असेल, तर बॅकअपसोबत किल्लीही ॲपलकडे जाऊन बसते, म्हणजे दाराला भारी कुलूप आणि किल्ली वॉचमनकडे. अँड्रॉइडवर गुगल मेसेजेसमध्ये आरसीएस (एसएमएसची नवी, इंटरनेटवरून जाणारी पद्धत) चॅटला छोटं कुलपाचं चिन्ह दिसतं, ते दिसत नसेल तर पोस्टकार्ड समजा. फेसबुक मेसेंजर डिसेंबर २०२३ पासून वैयक्तिक चॅट डीफॉल्ट एंड टू एंड करू लागलं, बरं झालं, पण मेटाडेटाचं तेच गाणं.

मग थोडी वेगळ्या वाटेची मंडळी. थ्रीमा स्वित्झर्लंडचं, एकदाच पैसे भरायचे, नंबर लागत नाही. सेशनलाही नंबर लागत नाही, मेसेज बऱ्याच सर्व्हरवरून उड्या मारत जातो म्हणून आयपी लपतो, पण कधी कधी उशिरा पोचतो. एलिमेंट हे मॅट्रिक्स नावाच्या खुल्या नेटवर्कवर चालतं, स्वतःचा सर्व्हर टाकायची हौस आणि वेळ असणाऱ्यांसाठी छान, फ्रान्स सरकारने आपल्या कर्मचाऱ्यांसाठी चॅप हे ॲप त्यावरच बांधलंय. ब्रायर मोबाइलवर फक्त अँड्रॉइडला, इंटरनेट बंद असलं तरी जवळच्या जवळ ब्लूटूथ किंवा वायफायवरून मेसेज जातो. यातलं काय घ्यायचं हे तुमच्या पहिल्या पायरीच्या यादीवर. नंबरशी नाव जोडलं जाणं हाच धोका असेल तर थ्रीमा किंवा सेशन, नाहीतर उगाच कशाला, तिकडे तुमच्याशी बोलायला कुणी नसेल.

आणि एक. "मिलिटरी ग्रेड", "शंभर टक्के अनहॅकेबल", "खास लोकांसाठी" असं लिहिलेलं ॲप दिसलं की दोन पावलं मागे या. एनक्रोचॅट नावाचे खास फोन महागात विकले जायचे, २०२० मध्ये कळलं की फ्रान्स आणि नेदरलँड्सचे पोलीस कधीचे आत बसून वाचत होते. त्याहून कहर म्हणजे ॲनॉम. गुन्हेगारांमध्ये प्रचंड चाललेलं हे "सुरक्षित" ॲप मुळात अमेरिकेची तपास संस्था एफबीआयच चालवत होती, जून २०२१ मध्ये जाहीर केलं आणि जगभरात ८०० च्या वर लोक पकडले. गुन्हेगार पकडले गेले याचं दुःख नाही, पण धडा घ्या: कोड बंद, मालक कोण माहीत नाही, पैसे कुठून येतात माहीत नाही, तर नुसत्या जाहिरातीवर विश्वास ठेवायचा नाही.

चौथी पायरी: सिग्नल टाकलं, आता हे लगेच करा

ॲप फक्त अधिकृत स्टोअरमधून किंवा सिग्नलच्या स्वतःच्या साइटवरून घ्या, कुणी पाठवलेली एपीके फाइल (अँड्रॉइडवर ॲप टाकायची फाइल) चालवू नका, मित्राने पाठवली असली तरी. नंबर टाकला, कोड आला, मग पिन विचारेल. इथे १२३४ टाकणाऱ्यांना मी काही बोलत नाही. लांब पिन घ्या, अक्षरं पण चालतात, आणि कुठेतरी लिहून ठेवा.

मग सेटिंग्जमध्ये अकाउंटमध्ये जाऊन रजिस्ट्रेशन लॉक चालू करा. हे सगळ्यात आधी, चहा नंतर. कारण असं की तुमचं सिम कुणी आपल्या नावावर करून घेतलं किंवा एसएमएसचा कोड मध्येच उचलला तर तो तुमच्या नंबरवर अकाउंट उघडू शकतो. ऑगस्ट २०२२ मध्ये सिग्नलसाठी एसएमएस पाठवणाऱ्या ट्विलिओ या कंपनीत घुसखोरी झाली आणि साधारण १९०० जणांचे नंबर असे धोक्यात आले होते. रजिस्ट्रेशन लॉक असेल तर नुसत्या कोडवर काम भागत नाही, पिनही लागतो. पिन विसरलात तर मात्र सात दिवस बाहेर बसावं लागू शकतं, म्हणून म्हटलं लिहून ठेवा.

पुढे प्रायव्हसीमध्ये फोन नंबर. "माझा नंबर कोण बघू शकतं" याला नोबडी. "नंबरवरून मला कोण शोधू शकतं" हे वेगळं बटण आहे, ते तुमच्या गरजेप्रमाणे, कारण ते बंद केलं तर जुने ओळखीचे लोकही तुम्हाला शोधू शकत नाहीत आणि मग फोन करून विचारतात की तू सिग्नलवर आहेस म्हणालास, दिसत तर नाहीस. युजरनेम घ्या, नवीन लोकांना तेच द्या.

नोटिफिकेशनमध्ये नाव आणि मजकूर दोन्ही लपवा. पहिल्या पायरीतला शत्रू नंबर एक आठवतोय ना, टेबलावरच्या फोनवाला? त्याच्यावर हा रामबाण आहे. थोडं गैरसोयीचं होतं, नुसतं "नवीन मेसेज" दिसतं, पण चार दिवसांत सवय होते. स्क्रीन लॉक पण लावा.

डिसअपिअरिंग मेसेजची, म्हणजे मेसेज आपोआप पुसले जाण्याची, डीफॉल्ट वेळ ठेवा. मी चार आठवडे ठेवतो, नाजूक विषय असला तर त्या चॅटपुरतं एक दिवस. यामागे माझं साधं गणित आहे की आज जे बोलतोय ते पाच वर्षांनी कुणाला वाचायला लागणार आहे? पण हे लक्षात ठेवा की हे समोरच्यावर विश्वास असेल तरच कामाचं, तो स्क्रीनशॉट काढू शकतो, नाहीतर दुसऱ्या फोनने सरळ फोटो. हे साफसफाईचं साधन आहे, नको त्या माणसाला नको ते सांगण्याचं लायसन्स नाही.

अनोळखी लोकांशी कॉलवर बोलायची वेळ येत असेल तर प्रायव्हसीच्या ॲडव्हान्स्डमध्ये कॉल रिले चालू करा, म्हणजे तुमचा आयपी समोरच्याला कळत नाही. आवाजात किंचित फरक पडतो, चालतं.

पाचवी पायरी: व्हॉट्सॲप सुटत नाहीये? मग निदान हे

सुटणार नाहीच. शाळेचा ग्रुप, सोसायटीचा ग्रुप, ऑफिस, सगळं तिथे. मी पण आहे. भांडण न करता दारं-खिडक्या लावून घ्या.

सगळ्यात मोठं भोक म्हणजे बॅकअप. मेसेज एंड टू एंड, पण त्याची कॉपी रोज रात्री क्लाउडवर जाते आणि ती साधी असेल तर सगळं मुसळ केरात. २०२१ च्या ऑक्टोबरपासून एन्क्रिप्टेड बॅकअपची सोय आहे: सेटिंग्ज, चॅट्स, चॅट बॅकअप, तिथे एंड टू एंड एन्क्रिप्टेड बॅकअप. पासवर्ड ठेवा किंवा ६४ अंकी किल्ली घ्या. पासवर्ड हरवला तर कंपनीही परत देऊ शकत नाही, आणि ते तसंच असायला हवं.

मग टू स्टेप व्हेरिफिकेशन, सहा आकडी पिन. ग्रुपमध्ये कोण टाकू शकतं याला माय कॉन्टॅक्ट्स. अनोळखी कॉल सायलेंट. कॉलमध्ये आयपी लपवा. नाजूक ग्रुपला ॲडव्हान्स्ड चॅट प्रायव्हसी, म्हणजे कुणी अख्खी चॅट एक्स्पोर्ट करू शकत नाही. मेन्यूंची जागा अपडेटगणिक बदलते, त्यामुळे सापडलं नाही तर सेटिंग्जच्या वरच्या सर्चमध्ये नाव टाका.

आणि लिंक्ड डिव्हाइसेस! दोन्ही ॲपमध्ये. आत्ता उघडा, वाचता वाचता. जे ओळखीचं नाही ते लॉगआउट करा. महिन्यातून एकदा हे बघायचं मी कॅलेंडरवर टाकून ठेवलंय, त्या मीटिंग रूमच्या लॅपटॉपनंतर.

हा फक्त विसरभोळ्यांचा प्रश्न नाहीये. फेब्रुवारी २०२५ मध्ये गुगलच्या सुरक्षा टीमने सांगितलं की रशियाशी जोडलेले गट युक्रेनमधल्या लोकांना खोटे क्यूआर पाठवत होते, दिसायला ग्रुपचं आमंत्रण, स्कॅन केलं की हल्लेखोराचा कम्प्युटर तुमच्या सिग्नलला जोडला जातो आणि पुढचा प्रत्येक मेसेज त्यालाही मिळतो. कुलूप फोडलं नाही, तुमच्याच हातून दुसरी किल्ली करून घेतली. तेव्हा कुठलाही क्यूआर स्कॅन केल्यावर ॲप जर "डिव्हाइस लिंक करू का" विचारत असेल आणि तुम्ही स्वतः तुमच्या कम्प्युटरसमोर बसलेले नसाल, तर नाही म्हणा. तसंच एसएमएसवर येणारा सहा आकडी कोड कुणालाही द्यायचा नाही. "चुकून तुमच्या नंबरवर आला, जरा पाठवा ना", नाही. "आम्ही सपोर्ट टीममधून बोलतोय", तर अजिबातच नाही.

सहावी पायरी: समोर तोच माणूस आहे का

ही पायरी बहुतेक लेख एका ओळीत उरकतात आणि मग कुणी करत नाही. सिग्नलमध्ये चॅटच्या नावावर टॅप केलं की सेफ्टी नंबर बघायचा पर्याय येतो. ६० आकडे, पाच-पाचचे बारा गट. तुमच्या आणि समोरच्याच्या स्क्रीनवर तेच आकडे दिसले म्हणजे मध्ये कुणी बसलेलं नाही. समोरासमोर असाल तर क्यूआर स्कॅन करून दोन सेकंदात होतं.

मावशीबरोबर मी हे फोनवर केलं. ती चष्मा शोधून आली, मग आम्ही एकेक गट वाचायला लागलो, ती "एकोणपन्नास हजार..." असं पूर्ण संख्या म्हणून वाचत होती, मी म्हटलं मावशी सुटे सुटे आकडे वाच, ती म्हणाली मग आधी सांगायचं नाही का. सातव्या गटाला तिने विचारलं, "हे आपण लॉटरीचं तिकीट तपासतोय का रे?" बारावा गट जुळला तेव्हा तिला खरंच लॉटरी लागल्यासारखा आनंद झाला. मग "व्हेरिफाइड" अशी खूण केली. आता तिने फोन बदलला किंवा ॲप परत टाकलं की मला चॅटमध्ये सूचना येते की सेफ्टी नंबर बदललाय, आणि मी एक कॉल करून विचारतो, नवा फोन घेतला का? हो म्हणाली तर ठीक. नाही म्हणाली तर काहीतरी गडबड आहे.

सगळ्यांबरोबर हे करायची गरज नाही. दोन-चार माणसं, ज्यांच्याशी पैशाचं, तब्येतीचं, कोर्टकचेरीचं बोलणं होतं, एवढ्यांबरोबर करा. व्हॉट्सॲपमध्येही असेच ६० आकडे आहेत, फक्त ते बदलल्याची सूचना तिथे सेटिंग्जच्या सिक्युरिटी नोटिफिकेशनमध्ये जाऊन स्वतः चालू करावी लागते.

आणि ग्रुपमध्ये कोण आहे हे तर डोळ्यांनीच बघायचं असतं. मार्च २०२५ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च अधिकाऱ्यांनी येमेनवरच्या हल्ल्याची चर्चा सिग्नल ग्रुपवर केली आणि त्यात चुकून एका मासिकाच्या संपादकालाच ॲड केलं होतं. जगभर बोंब झाली की सिग्नल असुरक्षित. अहो, सिग्नलने बरोब्बर त्याच लोकांना मेसेज पोचवले ज्यांना तुम्ही ग्रुपमध्ये घेतलंत! ग्रुपमध्ये काही गंभीर लिहायच्या आधी मेंबर लिस्ट एकदा वरून खाली सरकवून बघा, दहा सेकंद लागतात.

सातवी पायरी: फोन

फोनच फुटका असेल तर ॲप काय करणार. २०१९ मध्ये पेगासस स्पायवेअर व्हॉट्सॲपच्या कॉलमधल्या एका त्रुटीतून साधारण १४०० फोनवर सोडलं गेलं, कॉल उचलायचीही गरज नव्हती. एकदा फोनमध्ये शिरलं की ते तुमच्यासारखंच स्क्रीनवर वाचतं, तिथे एन्क्रिप्शनचा संबंध संपला. अपडेट आलं की टाका, रात्री चार्जिंगला लावून टाका, पण टाका. फोनला चार आकडी नाही, निदान सहा आकडी कोड. कुठलाही रंगीबेरंगी फुकट कीबोर्ड टाकला असेल तर काढा, तुम्ही टाइप करता ते प्रत्येक अक्षर आधी त्याच्याकडे जातं आणि मग सिग्नलकडे. पत्रकार, वकील वगैरे असाल तर आयफोनवर लॉकडाउन मोड आहे, अँड्रॉइड १६ पासून ॲडव्हान्स्ड प्रोटेक्शन मोड आहे, चालू करा आणि थोडी गैरसोय सोसा.

आठवी पायरी: माणसं आणायची कशी

सगळ्या नातेवाइकांना एकदम "आजपासून मी फक्त सिग्नलवर" असा मेसेज टाकू नका. मी टाकला होता. उत्तरादाखल तीन अंगठे आले आणि पुढच्या आठवड्यात सगळं बोलणं माझ्याशिवाय झालं. एकेक माणूस पकडा, ज्याच्याशी रोज बोलता तो आधी. त्याच्या फोनवर बसून स्वतः लावून द्या, पिनसकट, नोटिफिकेशनसकट, आणि पिन त्याच्याच हाताने लिहून घ्या. मग त्याला तिथेच फोटो पाठवायला सुरुवात करा. मेटाडेटाचं व्याख्यान देऊ नका, कुणी ऐकत नाही, "फोटो इथे बरे जातात" एवढं पुरतं.

फोन बदलताना

हे शेवटी लिहितोय पण सगळ्यात जास्त रडारड इथेच होते. सिग्नलचा इतिहास आपोआप कुठल्याही क्लाउडमध्ये जात नाही, त्यामुळे जुना फोन आधी पुसला आणि मग सिग्नल आठवलं तर सगळं गेलं. जुना फोन हातात असताना, तो चालू असताना, दोन्ही एकाच वायफायवर ठेवून ट्रान्सफर करा. अँड्रॉइडवर लोकल बॅकअपही घेता येतो, त्याचा लांबलचक पासवर्ड ॲप एकदा दाखवतं, तो कागदावर उतरवा. २०२५ मध्ये त्यांनी स्वतःचा एन्क्रिप्टेड बॅकअपही आणलाय, त्याला ६४ अक्षरी रिकव्हरी किल्ली असते. यातलं काहीही त्याच फोनच्या नोट्समध्ये लिहून ठेवू नका. नव्या फोनवर जुने मेसेज दिसले, एक मेसेज पाठवून आला-गेला हे बघितलं, लिंक्ड डिव्हाइसेस परत तपासले, मगच जुना फोन फॅक्टरी रीसेट करून कुणाला द्यायचा तो द्या.